चौथा चरण

खांदा दाबायची वीणाची एक रीत होती. तीन चरण दाबायचं, चौथ्याला सोडायचं.

ही रीत तिला फिजिओथेरपीच्या कॉलेजात कुणी शिकवली नव्हती. वाईला तिची मावशी घरगुती मेतकूट करून विकायची, आणि मिक्सरमध्ये वास मरतो म्हणून जात्यावरच दळायची. सुट्टीत गेलेली वीणा खुंट्याला हात लावून समोर बसे. मावशी ओवी म्हणे. तीन चरण जातं ओढायचं, चौथ्या आखूड चरणाला हात सैल सोडून श्वास घ्यायचा. पुढे डिग्री झाली, पुण्यात नोकरी झाली, नवऱ्याला, निशिकांतला, तुआसच्या बंदरात काम मिळालं म्हणून सिंगापूर झालं. पण कुणाच्या आखडलेल्या खांद्यावर हात ठेवला की ओठांवर ओवीच येई.

मार्चमध्ये ती तिथल्याच हौगांग भागातल्या हौगांग हेरॉन्स या रग्बी लीग क्लबात लागली. सहा शहरांचे सहा क्लब, प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, असे दहा सामने. हेरॉन म्हणजे बगळा. पांढऱ्या जर्सीतले हे तेरा बगळे पहिल्याच सामन्यात चिखलातल्या म्हशींसारखे होऊन परत आले, आणि हरून आले. खेळ वीणाला नवा होता. निशिकांतने यूट्यूबवर पाहून तिला समजावला. चेंडू घेऊन पळायचं, समोरच्यांनी धरून पाडायचं, पुन्हा उठायचं. सहाव्यांदा पडलं की चेंडू निमूटपणे समोरच्यांना देऊन टाकायचा.

"सहा वेळा पडून शेवटी देऊनच टाकायचा?" वीणा म्हणाली.

"मग तुला काय वाटलं, व्याजासकट परत मिळतो?"

पहिले चार सामने हेरॉन्स हरले. त्या दिवसांत वीणाच्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळ कोण पडून असेल तर लातू. टोंगाचा, पस्तिशीचा, दाराएवढा माणूस. समोरच्यांच्या भिंतीवर पहिली धडक द्यायची, हे त्याचं काम. सतरा वर्षं तेच केल्याने त्याचे खांदे कातळ झाले होते. तो पालथा पडला की टेबलाचे चारी पाय करकरायचे.

वीणा दाबता दाबता गुणगुणायची:

*जातं फिरे गरगर,*
*पीठ पडे भुरभुर,*
*भावाचं गं माझ्या घर*
*डोंगराच्या पल्याड.*

"हे काय म्हणतेस, सिस?" एकदा त्याने उशीत तोंड खुपसूनच विचारलं. सगळे खेळाडू तिला सिसच म्हणत.

तिने इंग्रजीत अर्थ सांगितला.

"शेवटची ओळ मला दे," तो म्हणाला. "तेव्हाच मला श्वास सोडायचा असतो."

तेव्हापासून चौथा चरण लातूचा झाला. 'दोंगराच्या पल्याद,' असं तो खोल आवाजात म्हणे आणि त्याबरोबर खांदा खाली सुटे. त्याचं बघून बाकीचेही मागू लागले. वीणाच्या ओव्या संपल्या तशी ती नव्या जुळवू लागली. एक तिने लातूसाठीच केली:

*खांदा त्याचा कातळाचा,*
*हात त्याचा पोलादाचा,*
*जीव आत गं मेणाचा,*
*ऊन नको लागो.*

मे महिन्यात बगळे उडाले. तीन सामने लागोपाठ जिंकले. मैदानावरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या भरू लागल्या, हौगांगच्या हॉकर सेंटरमधला, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीतला, ज्यूसवाला खेळाडूंना उसाचा रस फुकट देऊ लागला. लातू एकदा वीणाच्या फ्लॅटवर जेवायला आला, थालीपीठं मोजायची सोय ठेवली नाही.

"लातू म्हणजे लातूरचा का रे?" निशिकांतने विचारलं.

त्यांच्या लेकीने, अवनीने, कपाळावर हात मारला आणि शाळेत उचललेल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "बाबा, प्लीज लाह. तो टोंगाचा आहे."

त्या दिवशी लातूने फोनवर आईचा फोटो दाखवला. टोंगाच्या रीतीप्रमाणे कमरेला विणलेली चटई गुंडाळलेली, कॅमेऱ्याकडे संशयाने बघणारी सेला. सतरा वर्षांत तिने मुलाला मैदानावर एकदाही पाहिलं नव्हतं. कधी पैसे नव्हते, कधी धाकट्याचं लग्न, कधी वादळ. हा लातूचा शेवटचा हंगाम, आणि शेवटच्या सामन्याला ती येणार होती. तिकीट त्याने जानेवारीतच काढलं होतं.

"दोन विमानं बदलून येणार," तो म्हणाला. "ऐंशी मिनिटांसाठी."

नववा सामना शनिवारी झाला. उत्तरार्धात लातूचं डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आदळलं. तो पडला आणि लगेच उठला. वीणा धावत गेली. मैदान कोणतं, शेवटचे गुण कुणी केले, पूर्वार्ध की उत्तरार्ध, हे तिने विचारलं. सगळी उत्तरं बरोबर आली. तरी नियमाप्रमाणे त्याला बाहेर बसवलं, आणि सोमवारी नीट तपासायला बोलावलं.

सोमवारी तो शीळ घालत आला. वीणाने दहा शब्द वाचून दाखवले. चमचा, पूल, वाळू, कंदील असे एकमेकांशी नातं नसलेले शब्द. थोड्या वेळाने लातूने दहाच्या दहा म्हणून दाखवले. महिन्यांची नावं उलटी म्हटली. एका पायावर उभा राहिला, जरासा डुलला, पण त्याचा तो गुडघा नाहीतरी जुनाच होता. वीणाने कागदावर खुणा केल्या. शनिवारच्या सामन्यासाठी त्याला मोकळा करायला फक्त तिच्या सहीची गरज होती.

"झोप पालथा," ती म्हणाली. "खांदा बघते."

तिने हात ठेवला, 'जातं फिरे' सुरू केलं. तीन चरण झाले. हाताखालचा खांदा सुटायची ती वाट बघत राहिली. खोलीत एसीचा आवाज तेवढा होता.

"लातू, तुझी ओळ."

"हो," तो म्हणाला. मग हसला. "डोळा लागला होता."

तिने दुसरी ओवी घेतली. कातळाचा, पोलादाचा, मेणाचा. लातू म्हणाला, "मेणाचा." पुन्हा म्हणाला, "मेणाचा." नंतरचं त्याला सापडेना. उन्हाळ्यातल्या विहिरीत पोहरा सोडावा आणि तो कोरडाच वर यावा, तसा तो दोनदा थांबला. मग मान वळवून त्याने ट्यूबलाइटकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

वीणाने हात काढला नाही. पण नजर वर गेली, आणि टेबलासमोरच्या भिंतीवर थांबली.

तिच्या माहेरी सगळं भिंतीला असे. गॅसचा नंबर, दुधाचे खाडे, पाढे. डोळ्यांसमोर असलं की चुकत नाही, ही तिची समजूत. क्लबात आल्या आल्या तिने तसंच केलं होतं. पाठीचे व्यायाम, बर्फ किती मिनिटं लावायचा, आणि त्याच्या शेजारी डोक्याच्या तपासणीचं कार्ड, ठळक अक्षरांत. चमचा, पूल, वाळू, कंदील. पाच महिने लातू याच टेबलावर त्या भिंतीकडे मान वळवून पडत होता. अवनीसुद्धा इतके चोख पाढे म्हणत नसे.

शब्द त्याने कार्डावरच्याच क्रमाने म्हटले होते. आता तिला आठवलं.

"उठून बस," वीणा म्हणाली. "डोकं दुखतंय?"

तो बसला. टेबल करकरलं. "थोडं."

"उजेड खुपतो?"

"सिस, आई गुरुवारी येते आहे."

"उजेड खुपतो का, ते विचारलं मी."

त्याने मोठ्या पंजांनी चेहरा झाकला. "तू कागद भरलास ना? पास झालो ना मी?"

"भिंत पास झाली," वीणा म्हणाली, आणि भिंतीपाशी जाऊन तिने कार्ड उतरवलं.

कोच डॅरन तिचा रिपोर्ट हातात घेऊन समोर बसला. ऑस्ट्रेलियाचा, उन्हाने तांबारलेला, मनाने वाईट नसलेला माणूस. शनिवारी जिंकलो तर तिसरे, हरलो तर कदाचित पाचवे, हा हिशेब त्याने सकाळीच फळ्यावर मांडला होता.

"म्हणजे चाचणीत पास, आणि गाण्यात नापास," तो म्हणाला.

"चाचणीच खोटी झाली. चूक माझी. रिपोर्टमध्ये पहिली ओळ तीच लिहिली आहे."

"नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला कळलं कसं, तर?"

"गाणं चुकलं म्हणून सांगेन."

डॅरनने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "त्याची आई येते आहे, वीणा. सतरा वर्षांनी."

"माहीत आहे मला. पुढची सतरा वर्षं त्याने तिला ओळखायला हवं."

हे ती बोलली खरी, पण बाहेर येऊन जिन्यात बसली आणि कागद पुन्हा उघडला. नुसती एक सही. आठ दिवसांनी खेळलं तरी बहुतेकांना काही होत नाही. बहुतेकांना. तिने रिपोर्टचा कागद नोव्हेनाला पाठवून दिला.

नोव्हेनाला दुसऱ्या शब्दांची यादी निघाली. दहातले लातूला चार आठवले, आणि डोळे मिटून उभा राहिला तेव्हा डॉक्टरांनीच त्याला धरलं. अकरा दिवस मैदान बंद. परत येताना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, तो वीणाच्या शेजारी दोन माणसांची जागा अडवून बसला होता.

"रागावलास?" तिने विचारलं.

"हो."

चार स्टेशनं गेली.

"आईला तू सांग," तो म्हणाला. "मला नाही जमणार. मी एवढा मोठा झालोय, पण तिच्यापुढे नाही."

गुरुवारी विमानतळावर सेला बाहेर आली ती चटई कमरेला गुंडाळूनच, हातात रताळ्यांची पिशवी घेऊन. ती पिशवी अधिकाऱ्यांनी उघडून बंद केलेली दिसत होती आणि सेलाचा त्याबद्दलचा राग अजून निवला नव्हता. तिने मुलाला खाली वाकवून त्याचे गाल हुंगले. मग वीणाकडे बघितलं. "ही कोण?"

वीणाने सांगितलं. सगळं, भिंतीवरच्या कार्डासकट. लातू पिशवीकडे बघत उभा होता.

"दोन विमानं," सेला म्हणाली. "ऑकलंडला नऊ तास खुर्चीत बसले. गुडघे बघ माझे."

"हो, आई."

"तुला नाही, तिला सांगते आहे."

"माझ्यामुळे झालं," वीणा म्हणाली. "तुम्ही मला बोला."

सेलाने पिशवी तिच्या हातात दिली आणि टॅक्सीकडे निघाली. हौगांग यायला लागलं तशी मागच्या सीटवरून तिने विचारलं, "कुठली ओळ विसरला?"

वीणाने दोन्ही ओव्या म्हटल्या, मग इंग्रजीत अर्थ. टॅक्सीवाल्या काकांनी रेडिओ बारीक केला. सेलाने हात पुढे नेला आणि पुढच्या सीटवर बसलेल्या लातूच्या डोक्यावर, टोपीवरूनच, ठेवला. घरापर्यंत तो हात तिथेच राहिला.

"लहानपणी प्रार्थना विसरायचा," ती वीणाला म्हणाली. "मी तुझ्यासारखी चांगली नव्हते. चापट मारायचे."

शनिवारी चार वाजता सामना सुरू झाला. लातूची आठ नंबरची जर्सी एका नव्या मुलाच्या अंगावर होती, खांद्यांत दोन बोटं सैल. लातू टोपी आणि काळा चष्मा लावून सावलीच्या बाजूला आईशेजारी बसला. वीणा सीमारेषेवर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होती, आणि तिथून तिला दोघांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, तरी दिसत होतं. सेला बोट दाखवायची, लातू समजवायचा. सेला मान हलवायची, पटलं नाही म्हणून. लातू दोन मुठी एकमेकींवर ठेवून दाखवायचा, मग सहा बोटं दाखवायचा. सतरा वर्षं हा माणूस पोटासाठी काय करतो, ते त्याने आईला असं शेजारी बसून कधी सांगितलंच नव्हतं. खेळत असता तर आजही सांगितलं नसतं.

मध्यंतरात वीणा पाणी द्यायला गेली.

"आई काय म्हणतात?"

"म्हणते, तो पाच नंबरवाला आळशी आहे," लातू म्हणाला. "खरं आहे ते. डॅरनला अख्ख्या हंगामात दिसलं नाही."

"आणि तू?"

त्याने पाण्याची बाटली घेतली. "बाहेरून बघितला नव्हता मी कधी हा खेळ. मला फक्त समोरच्याचं पोट माहीत."

हेरॉन्स चार गुणांनी हरले. पण दुसरीकडे तळाचा संघही हरला होता, त्यामुळे पाचवी जागा पक्की झाली, आणि पाचवी म्हणजे शेवटची नव्हे, हे डॅरनने सगळ्यांना तीन-तीनदा सांगितलं. ज्यूसवाल्याने रसाचा डबाच आणून ठेवला. अवनी आठ नंबरच्या नव्या मुलाची सही घ्यायला पळाली. ऊन कलून ब्लॉकच्या भिंती पिवळ्या झाल्या.

सेला उठली. कुणाला न विचारता तिने मैदानाभोवतीची दोरी उचलली, सपाता काढून हातात घेतल्या, आणि गवतावर चालू लागली. लातू मागून गेला. मैदानाच्या मधोमध जाऊन ती थांबली.

"तू कुठे असतोस?" मैदान रिकामं झालं होतं; सीमारेषेने त्यांच्या बरोबरीने चालणाऱ्या वीणाला आता नीट ऐकू येत होतं.

"इथे. इथून तिकडे पळतो."

सेला तिथे उभी राहिली. मग ती चालत निघाली, चटई सावरत, गुडघ्यांना जपत, जिथून तो पळाला असता तिथून, जिथे त्याला पाडलं असतं तिथपर्यंत आणि त्याच्याही पुढे, थेट शेवटच्या पांढऱ्या रेषेपर्यंत. लातू शेजारून तिच्या चालीने चालत होता. रेषेवर पोहोचल्यावर तिने वळून मागचं सगळं गवत एकदा बघितलं.

"एवढंच?" ती म्हणाली. "टीव्हीवर केवढं दिसतं."

लातू हसायला लागला. पोटापासून हसला, आणि हसताना डोकं ठणकलं म्हणून मध्येच दोन्ही हातांनी कानशिलं धरून, वाकून, पुन्हा हसला.

"हळू," वीणा सीमारेषेवरून म्हणाली. "हळू हस."