येसूबाईचं नाक

शिमग्यानंतरच्या तापाने येसूबाईला फार काही केलं नाही. आठवडाभर अंथरुणाला खिळवलं, उठवून बसवलं आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला. म्हणजे नाक होतं जागच्या जागी, नथीसकट. वास तेवढा गेला होता.

आधी तिला बरंच वाटलं. जन्मभर तिने मासळीच्या वासाला शिव्या घातल्या होत्या. पाटी घेऊन सफाळ्याच्या बाजाराला गेली की बायका पदर नाकाला लावायच्या, आणि घरी येऊन ही म्हणायची, "देवा, एकदाचा हा वास ने." देवाने ऐकलं. पण मग भात शिजतोय की करपतोय तेच कळेना. कालवण नुसतं गरम पाणी लागू लागलं. नात चिमी कुशीत शिरली तर तिच्या केसांतलं खोबरेल, घाम, काही म्हणता काही नाही. परक्याचं पोर मांडीवर आल्यासारखं वाटलं. नाकाचं असलं काही देणं आपल्यापाशी होतं हे साठ वर्षांत तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

तिने हे कुणालाच सांगितलं नाही. सांगणार तरी कशी? पावसाळ्याच्या बेगमीचे सुके बोंबील करंड्यांत भरले की नवापूरच्या तिच्या आळीत घरोघरून येसूबाईला बोलावणं यायचं. तिने करंडीत तोंड घालून हुंगायचं, "शिवा" म्हणायचं, मगच करंडीचं तोंड गोणपाटाने शिवलं जायचं. शिवण्याआधी त्यातलाच एक बोंबील भाजून घरातल्या सगळ्यात लहान पोराच्या हातात द्यायचा. गेल्या साली एका घराने माश्या बसू नयेत म्हणून ढेकणांची पावडर शिंपडली होती. येसूबाईने ती उंबऱ्यातूनच ओळखली आणि अख्खी करंडी खाडीच्या चिखलात पुरायला लावली. तेव्हापासून तिचा मान आणखी वाढला होता. आणि मान सोडून द्यायचा तर मग म्हातारीकडे उरलं काय?

त्या दिवशी सकाळी शेजारच्या नवसीने बोलावलं. येसूबाईने ऐटीत पदर खोचला, करंडीत नाक खुपसलं, डोळे मिटले. काहीच नाही. डोळे उघडून पाहिलं तर बोंबील खडखडीत वाळलेले, वर एक माशी नाही.

"कशे सुकलेत बघ, माशीपन बसत नाय," ती म्हणाली. "शिव."

नवसीने हसत एक बोंबील निखाऱ्यावर टाकला. तिचा दीड वर्षाचा नातू हात पसरून बसलाच होता.

दुपारी घरच्या करंडीची पाळी. मुलगा जानू ओटीवर जाळं सांधत होता. सून वत्सला दाभण ओवून तयार होती. येसूबाईने हुंगल्यासारखं केलं आणि "शिवा" म्हणाली. वत्सला दाभण हातात धरून क्षणभर सासूकडे बघत राहिली, मग दाभण खाली ठेवून चुलीशी गेली.

भाजलेल्या बोंबलाचं डोकं मोडून तिने मांजरापुढे टाकलं. हे मांजर म्हणजे आळीतलं पक्कं चोर. बोंबलासाठी ते लाथा खायचं. ते आलं, हुंगलं, मागे सरलं आणि चालतं झालं. येसूबाईला हसू आलं आणि अर्ध्यावरच थांबलं. कोपऱ्यातल्या ताज्या मासळीच्या पाटीवर माश्या घोंघावत होत्या. तिला लागूनच असलेल्या बोंबलांच्या करंडीवर एकही नव्हती.

चिमीने बोंबील तोंडाशी नेला होता. येसूबाईने फटका मारून तो उडवला. पोरीने भोकाड पसरलं.

"जानू, करंडीत काय टाकलंस?"

"बोयसरच्या बाजारातनं पावडर आनली व्हती," जानू चाचरत म्हणाला. "दुकानदार बोलला, ये अलग है, मच्छी को चलेगा. जराशीच टाकली, आये. म्हटलं, वाईट असली तर तू हुंगशीलच."

"मला वास आलता," वत्सला हळूच म्हणाली. "पन तुमी हुंगून शिवा बोललात. म्हटलं, माजंच नाक खोटं."

"मला वास येत नाय," येसूबाई म्हणाली. "शिमग्यापासनं येत नाय."

एवढे दिवस पोटात दडवलेलं ते एका दमात बाहेर पडलं. लाज वाटायला तिला वेळ मिळाला नाही, कारण जानूचा चेहरा पांढरा पडला होता.

"अर्धी पावडर मी नवसीकाकीला दिली," तो म्हणाला.

येसूबाई अनवाणीच धावली. मागोमाग जानू आणि वत्सला. नवसी दारात निवांत तांदूळ निवडत बसली होती.

"नातू कुठं हाय?"

"झोळीत निजलाय. बोंबील खाल्लान, मंग जरा ओकला. आज लवकरच झोपला बघ."

येसूबाई झोळीवर वाकली. पोराचे ओठ अर्धवट उघडे होते, कपाळ घामाने भिजलं होतं. तिने हलवलं, पण ते जागं होईना. आयुष्यभराच्या सवयीने तिने त्याच्या तोंडाशी नाक नेलं. दूध, ओक, पावडर, काहीतरी कळावं म्हणून तिने सगळा जीव एकवटून श्वास ओढला. या वासासाठी तिने आता आपले डोळेही देऊन टाकले असते. काहीच आलं नाही.

"वत्सला," ती बाजूला होत म्हणाली, "तू हुंग."

वत्सला वाकली. मान वर न करताच तिने जानूला दवाखान्यात जायला गाडी जुंपायला सांगितलं.