वरची हातभर माती

मांडणीवरची वाटी शेजारच्या वाटीला लागून किणकिणली. धाकट्याचा नुकताच डोळा लागला होता आणि घरात त्याच्या श्वासाखेरीज आवाज नव्हता. मी वाटी दाबून धरली. हात काढला की पुन्हा किणकिण. मग लक्षात आलं, तळपायाखालची फरशीच थरथरत होती.

"आई, मशीन आलं! माझ्या शाळेचं मशीन!" थोरली खिडकीच्या गजांना लटकून ओरडली.

शाळेकडे आमची अख्खी वसाहत डोळे लावून बसली होती. इमारती भराभर उठल्या, पण शाळेला कुणी जागा सोडली नाही. शेवटी ती दिली आमच्या मागच्या मळेवाल्या काका-काकूंनी. अर्धा मळा, तोही फुकट. "आम्हाला पोरंबाळं नाहीत, तुमची तरी डोळ्यांसमोर हुंदडू देत," काकू म्हणाल्या होत्या. त्यावर काका म्हणाले, "हिला बडबडायला नवीन गिऱ्हाईक हवंय, दुसरं काही नाही."

गेल्या आठवड्यात दोघांनी तो अर्धा मळा स्वतः रिकामा केला. शेवटचा पालक दारोदार वाटला. मुळ्या, काड्या वेचून, दाताळं फिरवून माती अशी सारखी केली, जणू उद्या पेरणीच आहे. "देताना नीट द्यावं," काकू म्हणाल्या.

धाकट्याला खांद्यावर टाकलं, थोरलीचं बोट धरलं आणि खाली गेले. कुंपणाशी पोचले.

मशीन काळी माती ओरबाडून ट्रकमध्ये ओतत होतं. भरलेला एक ट्रक कोपऱ्यावरून वळतही होता. मागे उरला होता पिवळा, टणक, उघडा मुरूम. मी इतकी वर्षं बघितलेल्या त्या मळ्याच्या पोटात असं काही असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. काका मशीनच्या बरोबरीने धावत होते, काकू त्यांच्या मागे.

"अहो, थांबा! माती कुठं नेता?"

ड्रायव्हरने मशीन बंद करून मान बाहेर काढली. "खाणीचा खड्डा भरायला. वरची हातभर काढावीच लागते, काका. ही माती पोकळ आहे, हिच्यावर पाया धरत नाही."

"पोकळ?" काकूंचा आवाज फाटला. "अरे बाबा, ती पोकळ व्हावी म्हणून तर जन्म गेला आमचा!"

त्या काकांकडे वळल्या. "तुम्ही सही ठोकून आलात. विचारायचं नाही?"

"काय विचारणार? जागा दिली. जागेवरची माती जागेवरच राहील, असंच वाटलं ना!" काका कुंपणाला टेकले. "तुला तरी कुठं सुचलं?"

काकूंनी वाकून मशीनने सांडलेली मूठभर काळी माती उचलली.

त्या मातीत आम्हीही होतो. वसाहतीतल्या घराघरांतल्या साली, देठं, चहाचा चोथा संध्याकाळी काकूंच्या खताच्या खड्ड्यात जायचा. आमची बादली थोरली न्यायची आणि बदल्यात गाजर कुरतडत यायची. "साली झोपतात आणि माती होऊन उठतात," हे काकूंनीच तिला सांगितलेलं. धाकट्याच्या वेळी मी अंथरुणाला खिळले होते, तेव्हाही बादली चुकली नव्हती.

"दुसरा ट्रक येईपर्यंत थांबतो," ड्रायव्हर ओशाळून म्हणाला. "मावशी, मला काय माहीत? मला सांगतात तिथं मी खणतो."

काकू माझ्याकडे बघत होत्या. "बाळाचा टब आहे का गं?"

टब, बादल्या, कपड्यांच्या बुट्ट्या, हाती लागेल ते घेऊन बायका जिन्यावरून उतरल्या. आमचा वॉचमन स्वतःची खुर्ची उलटी करून तीत माती भरायला लागला. "अरे, ती गळतेय!" काका खेकसले आणि तशातही कुणीतरी हसलं. उरलेल्या अर्ध्या मळ्याच्या बांधावर ढीग होऊ लागला. थोरली तर ओंजळीने वाहत होती.

ट्रक आला. मशीन सुरू झालं. आमचा ढीग केवढासा आणि मशीनचा एक घास केवढा, ते तेव्हा दिसलं. शाळा तर आम्हालाच हवी होती. थांबा तरी कुणाला म्हणायचं? बायका रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या राहिल्या. काकूंनी धाकट्याला माझ्याकडून घेतलं आणि मळ्याकडे पाठ करून त्याला थोपटत राहिल्या. तो तर केव्हाचा जागा होता.

थोरलीने काळे हात माझ्या ओढणीला पुसले. ट्रक दिसेनासा होईपर्यंत ती बघत होती.

"आई, आता मी रोज दोन बादल्या साली आणीन," ती म्हणाली. काकू ऐकत होत्या. "मी शाळेत जायच्या आधी होईल का गं परत तेवढी माती?"