जाळीबाहेरची खोली

आमच्या आधारगृहात बारा खाटा, एक न्हाणीघर आणि एक लोखंडी जाळीचं दार. घरच्यांनी मारून बाहेर काढलेल्या बायका त्या दारामागे येऊन पहिल्यांदा पाठ टेकतात. चावी माझ्याकडे, मी बाहेर गेले की खिळ्यावर.

टेलरबाई आली ती कपाळाला पट्टी बांधून, पोलिसांची चिठ्ठी घेऊन. मुलगा म्हणून जन्मलेली, पण पंधरा वर्षं बाई म्हणूनच जगलेली. ब्लाऊज शिवून पोट भरायची. कागदावरही 'स्त्री' असंच होतं. भावांनी घर सोडायला लावलं, तेही धड चालता येणार नाही इतकं मारून. मी तिला पाचवी खाट दिली.

त्या दिवसापासून कोपऱ्यातलीचं जेवण सुटलं. भिंतीला पाठ लावल्याशिवाय ती झोपत नसे, म्हणून तिला सगळ्या कोपऱ्यातली म्हणत. सावत्र बापाने चार वर्षं काय केलं, ते तिने मला तुकड्यातुकड्याने सांगितलं होतं.

"ती वाईट नाही, ताई, मला कळतं," ती म्हणाली. "पण ती बोलली की तो आवाज... मला घाम फुटतो. मी कुठे जाऊ, सांगा."

हे टेलरबाईच्या कानावर गेलं. तिने बोलणंच बंद केलं. दोन दिवस नुसत्या खुणा. तिसऱ्या दिवशी तिला जोराचा ठसका लागला आणि कोपऱ्यातली न्हाणीघरात कडी लावून बसली, ती दुपारपर्यंत.

हॉलमध्ये दोन तट पडले. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "मार खाताना हिला कुणी विचारलं होतं का, तू कोण म्हणून?" खाटेवरची दुसरी एक म्हणाली, "आमच्या जिवाला आधीच घोर कमी आहे का?" मी वरिष्ठांना फोन केला. "तिथे तुम्ही आहात, तुम्हीच बघा," म्हणून त्यांनी हात झटकले.

मग मी मधला मार्ग काढला. अंगणापलीकडे सामानाची खोली होती. ती झाडून घेतली, खाट टाकली, शिलाई मशीन ठेवलं.

"कडी पक्की आहे ना, ताई?" टेलरबाईने विचारलं.

"आहे," मी म्हणाले. ओढून बघितली नव्हती.

आठ दिवसांनी मी एकीला घेऊन कोर्टात गेले होते. भरदुपारी टेलरबाईचे दोन्ही भाऊ भिंतीवरून उड्या टाकून आले. एका लाथेत कडी निखळली. ती धावत जाळीशी आली, दार गदागदा हलवू लागली. मावशी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. दाराजवळ होती फक्त कोपऱ्यातली. तिने खिळ्यावरची चावी काढलीही. पण पुढे पाऊल पडेना.

मावशींनी वरून आरडाओरडा करून शेजारी गोळा केले, तोवर भावांनी टेलरबाईचा उजवा हात बुटाखाली चिरडला होता.

मी परतले तेव्हा कोपऱ्यातलीच्या मुठीत चावी तशीच होती.

"तिला भिऊन नाही थांबले, ताई," ती म्हणाली. "मागे ते दोघं दिसले. दार उघडलं असतं तर तेही आत आले असते."

त्यात खोटं काही नव्हतं.

इस्पितळात टेलरबाईने माझ्याकडे बघितलं नाही. "त्या पोरीला बोल लावू नका," ती म्हणाली. "मला त्या खोलीत तिने नव्हतं ठेवलं."

अंगठा कायमचा गेला होता. कात्री धरता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. सुट्टी मिळाल्यावर ती कुठे गेली, ते कुणालाच सांगून गेली नाही.

अशा बायकांसाठी वेगळी, पण जाळीच्या आतली खोली बांधून द्या, असं मी वरिष्ठांना तीनदा लिहून पाठवलं. उत्तर नाही. गेल्या सोमवारी अशीच आणखी एक आली, हातात एक पिशवी घेऊन. मी तिला माझ्या घरी नेलं.

नवऱ्याने विचारलं, "किती दिवस?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

सासूबाईंनी तिला पाणी दिलं, आणि माझ्या मुलीची गादी उचलून आपल्या खोलीत नेली.