माझी कोरी बाजू

मित्रांनो, मी एक जुनी रेकॉर्ड आहे. काळी, बारा इंची आणि एका बाजूने अगदी कोरी. पहिल्या बाजूवर बावीस मिनिटांची एकच रचना आहे. दुसऱ्या बाजूवर सुईने टेकावं असा एक चरासुद्धा नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझा विश्वासघात झाला तो तिथेच.

माझा जन्म चार तरुणांच्या हट्टातून झाला. छापखान्याच्या चौथ्या मजल्यावर, कागदाच्या गठ्ठ्यांत बसून ते प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक, सारखे ताल बदलणारं रॉक संगीत वाजवायचे, म्हणून बँडचं नावही 'चौथा मजला'. माझ्यावरच्या रचनेची सुरुवात सात मात्रांत, मग अकरा मात्रा, आणि मध्येच चार मिनिटं नुसती बासरी. ती बासरी ठेवायची की कापायची, यावरून ड्रमवाल्याचं आणि कीबोर्डवाल्याचं असं बिनसलं की दुसरी बाजू वाजवायच्या आदल्या दिवशी बँडच मोडला. झाली तेवढी एकच बाजू घेऊन रेकॉर्ड काढली गेली, अशा आम्ही शंभर बहिणी होतो. बाकीच्या कुठे गेल्या कोण जाणे, मी मात्र कीबोर्डवाल्याकडे राहिले. पुढे तो घड्याळं दुरुस्त करू लागला आणि त्याचा कीबोर्ड दुकानाच्या मागच्या खोलीत चादरीखाली गेला.

दर रविवारी सकाळी त्याच्या दुकानात चार-पाच शौकीन जमायचे. प्रत्येकाने फारसा कुणाला माहीत नसलेला बँड सुचवायचा आणि दुसऱ्याची रेकॉर्ड आठवडाभर घरी न्यायची, असा त्यांचा नेम. "पहिली सहा मिनिटं कळ काढा, सातव्या मिनिटाला ऑर्गन येतो," असं जीव ओतून सांगायचे. खोड एकच. 'हे मी ऐकलेलं नाही' असं कुणी चुकूनही म्हणायचं नाही. कुठल्याही बँडचं नाव काढा, "हो, हो, त्यांचं सुरुवातीचं काम चांगलं होतं," हे उत्तर ठरलेलं. मला तेव्हा गंमत वाटायची.

दुकानाच्या उरलेल्या अर्ध्या भागात त्याची थोरली बहीण कपडे शिवायची. ताई मशीन चालवता चालवता टोमणा मारायची, "अरे, तुमचं एक गाणं संपेपर्यंत माझा अख्खा झगा शिवून होतो!"

अशी तीस वर्षं गेली. एका रविवारी घड्याळवाल्याने मला त्याच्या जिवलग मित्राच्या, चष्मेवाल्याच्या हातात दिलं. "कुणाचा बँड आहे कोण जाणे, जुन्या बाजारात मिळाली. नीट ऐकून खरं काय ते सांग." आपण कधीकाळी बँडमध्ये वाजवायचो, हे त्याने या मित्रांना सांगितलंच नव्हतं. तो खोटं बोलला खरा, पण त्याला भीड न ठेवता दिलेलं मत हवं होतं. दुसऱ्या बाजूची रचना त्याच्या वहीत अर्धी लिहून पडली होती. मित्राला मी आवडले, तर ती पूर्ण करायची, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

चष्मेवाल्याने मला घरी नेऊन विकायच्या चष्म्यांच्या फ्रेमांच्या खोक्यांवर ठेवलं. मी आठ दिवस वाट पाहिली. तो रोज माझ्यासमोरून जायचा आणि दुसरंच काहीतरी लावायचा. मला कव्हरमधून बाहेरसुद्धा काढलं नाही.

रविवारी घड्याळवाल्याने डोळ्याचं भिंग न काढताच विचारलं, "ऐकलीस?"

"म्हणजे काय! अफलातून आहे. पहिली बाजू चांगलीच आहे, पण दुसरी बाजू... वा! दुसऱ्या बाजूला तोड नाही."

त्या शौकिनांतला एक लिफ्ट दुरुस्त करणारा लगेच म्हणाला, "मी तर यांना फार पूर्वीपासून ऐकतोय."

घड्याळवाल्याने मला परत घेतलं आणि फळीवर ठेवून दिलं. सगळे गेल्यावर त्याने ती वही कीबोर्डवर ठेवली आणि दोन्हींवर चादर ओढली. मित्रांनो, मला फार राग आला. कुणी मला टाकाऊ म्हटलं असतं तरी चाललं असतं.

ताईने हे सगळं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने मला स्वतःच लावलं आणि शिवायला बसली. चौदाव्या मिनिटाला तिचं मशीन थांबलं. शेवटी ती भावाला म्हणाली, "बासरी लांबलीय. कंटाळा आला मला. पण त्यानंतर तू जे वाजवलंयस ना, तिथं माझा हातच चालेना." तिने मला उलटून पाहिलं. "आणि पुढचं कुठंय रे?"

"वाजवायचंच राहिलं, ताई."

"मग वाजव की! अर्धी बाही शिवून कुणी गिऱ्हाइकाला देतं का?"

पुढच्या रविवारी चष्मेवाला म्हणाला, "ती रेकॉर्ड पुन्हा दे बरं. दुसरी बाजू परत ऐकावीशी वाटतेय."

घड्याळवाल्याने मला कव्हरमधून काढलं आणि कोरी बाजू वर करून त्याच्या हातांत ठेवलं. "ऐक," एवढंच म्हणाला. माझ्या गुळगुळीत काळ्या अंगावर चष्मेवाल्याला स्वतःचा चेहरा दिसला.

मित्रांनो, कुणी आपल्या आवडीची गोष्ट तुमच्या हाती दिली, तर ती ऐका. नाही आवडली तर तसं सांगा, नाही ऐकली तर तेही सांगा. न ऐकता कौतुक तेवढं करू नका. माझी एक बाजू अजून कोरीच आहे, पण कीबोर्डवरची चादर ताईने धुवायला नेली, ती परत आणलेली नाही.