तळहातावरचं पेन

मी एक जुना जबडा आहे. घाबरू नका मित्रांनो, मी कुणाच्या तोंडातून निघालेलो नाही. कारखान्यात प्लास्टिक ओतून मला घडवलं, बत्तीस दात एकेका स्क्रूने बसवले आणि मागे बिजागरी लावली. दातांच्या दवाखान्यात मी आलो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! डॉक्टर मला हातात घेऊन मुलांना दात घासायला शिकवत आणि मुलं माझ्या तोंडात बोटं घालून खिदळत. पुढे भिंतीवर रंगीत पडदा आला, तोच दात घासून दाखवू लागला आणि माझी रवानगी फळीवर झाली. खालची एक दाढही तेव्हाच कुठेतरी पडली. कुणी शोधली नाही.

मला खाली उतरवलं ते ताईंनी. ताई दवाखान्यातल्या मदतनीस. दार उघडायचं, फोन घ्यायचा, हत्यारं उकळायची, पेशंटची लाळ ओढणारी नळी धरायची, सगळं त्याच करत. डॉक्टर मान वर न करता नुसता हात पुढे करत आणि हवं ते हत्यार नेमकं त्यांच्या तळहातावर पडे. अकरा वर्षांत एकदाही चूक नाही. पण ताईंना रीतसर डेंटल नर्स व्हायचं होतं. त्यांनी शिक्षणाला नाव घातलं आणि जेवणाच्या सुट्टीत मला मांडीवर घेऊन दात ओळखायला लागल्या. पेशंटची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते, हे त्यांनी माझ्यावरच घोटून घेतलं.

शिक्षणाबरोबर एक वही होती. तीत चाळीस कामं लिहिलेली. प्रत्येक काम डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहायचं आणि सही करायची. एकोणचाळीस सह्या झाल्या. चाळिसावं काम होतं एक्स-रेची फिल्म लावून बाजू आणि दात ओळखून दाखवणं. पाच मिनिटांचं काम!

"उद्या बघू हं, ताई. बाहेर केवढी गर्दी आहे!" डॉक्टर म्हणायचे. आणि वर, "खरं सांगतो, तुमच्याशिवाय माझं पान हलत नाही."

या कौतुकाचा मला असा संताप यायचा! पान हलत नाही म्हणून ताईंना जागचं हलू द्यायचं नाही, हा कुठला न्याय? मागच्या वर्षी याच एका सहीवाचून ताईंचं वर्ष वाया गेलं होतं. "लेक विचारते, आई, तुझा निकाल कधी?" असं त्या मला पुसता पुसता म्हणाल्या, तेव्हा मला दातओठ खाण्यापलीकडे काही करता आलं नाही. मित्रांनो, तोंड असून बोलता न येणं काय असतं, ते मला विचारा.

वही पाठवायची यंदाची शेवटची तारीख उजाडली. त्या दिवशी एक आजोबा दाढ काढायला आले होते. दोन्हीकडच्या दाढा सारख्याच भरलेल्या आणि आजोबांना तर सगळंच तोंड ठणकत होतं. ताई फोनवर होत्या, म्हणून डॉक्टरांनी घाईत फिल्म स्वतःच दिव्यावर लावली आणि सुई उचलली.

फोन ठेवून ताई आल्या. त्यांनी फिल्मच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. तिथे एक बारीक टिंब असतं. ते आपल्याकडे उंच यायला हवं. ते खोलगट लागलं, म्हणजे फिल्म उलटी. उजवं ते डावं झालेलं.

"डॉक्टर, थांबा. फिल्म उलटी लागलीय. दाढ उजवीकडची आहे."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. ताईंनी फिल्म सुलटी लावून त्यावर नेमकी दाढ दाखवली. फिल्म पाहिली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मग त्यांनी उजवी दाढ काढली, आजोबांच्या तोंडात कापूस दिला, हातमोजे टाकले, हात धुतले आणि नेहमीसारखा न बघता रुमालासाठी हात पुढे केला.

तळहातावर पेन पडलं.

"हे काय?"

"आज शेवटची तारीख आहे," ताई वही उघडून म्हणाल्या. "चाळिसावं काम तुम्ही आत्ता पाहिलंत."

"बाहेर पेशंट..."

"करा हो सही!" आजोबा कापसातून गरजले.

"आजोबा, कापूस दाबून धरा, बोलू नका," ताई म्हणाल्या. डॉक्टरांनी ओल्या हाताने सही केली.

ताई पास झाल्या. आता नव्या मुलींना शिकवायला त्या आठवड्यातून दोन दुपारी बाहेर जातात आणि दवाखान्याचं पान तरीही हलतं. पण माझा राग काही गेलेला नाही. पाच मिनिटांसाठी एवढं सगळं व्हावं लागलं! परवा दवाखान्यात नवी मदतनीस आली. तिने शिक्षणाचं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "आधी इथे रुळा, मग बघू." ताईंनी मला फळीवरून काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. सोबत एक पेनही दिलं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरंच वाटेल. पण तुमच्या हाताखाली कुणी शिकत असेल, तर आधी तिची वही उघडा. माझी पडलेली दाढ सापडली तर एका स्क्रूने परत बसेल. ताईंचं गेलेलं वर्ष कोण बसवून देणार?