चार नंबरची बोली

आरजूचं लग्न झालं त्याच वर्षी चिंचेचा लिलाव मोबाइलवर गेला. रहमतुल्ला बागवान या दोन्ही गोष्टी नेहमी एकत्रच सांगायचा. पोरगी दिवाळीनंतर सासरी गेली आणि संक्रांतीच्या सुमारास रस्त्याकडेच्या झाडांचा लिलाव झाडाखालून उठून काचेत जाऊन बसला.

त्या सकाळी तो चकलांब्याच्या रस्त्यावर एका झाडाखाली मान वर करून उभा होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. खालच्या फांद्यांवरच्या चिंचा दिसत होत्या. शेंडा म्हणजे नुसता हिरवा धूर.

"अल्ताफ, शेंड्याला काय हाय?"

अल्ताफ त्याचा नवा जावई. गेवराईच्या स्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं मान वर केली. "हाय की मामू. लोंबायल्यात."

"लोंबायल्यात म्हंजी? घोस हायेत का एकएकटी?"

अल्ताफनं मोबाइल वर धरून फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला. "घोसच म्हणायचं."

"म्हणून चिंचा येत न्हाईत, बाबा."

झाडावरची चिंच उक्ती घ्यायची म्हणजे न पिकलेल्या मालाचं वजन डोळ्यानं करायचं. रहमतुल्लाला ते बापानं शिकवलं होतं. आधी झाडाकडं पाहू नको, झाडाखाली पाहा, पावसाळ्यात मोहर किती गळाला ते बुडाला कळतं. मग कच्ची चिंच दाबून बघ, आत चिंचोका भरलाय की नुसतं टरफल फुगलंय. जे दिसेल त्यातून वारा, गारा, माकडं आणि चोर वजा कर. उरेल त्यातून झोडणाऱ्यांची मजुरी वजा कर. मग तोंड उघड. ही चिंचेची ओळ त्यानं किती वर्षं घेतली होती आणि किती वर्षं सोडली होती ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं, पण एकेका झाडाची खोड त्याला ठाऊक होती. कोणतं एक साल आड येतं, कोणत्याची चिंच तांबूस निघते, कोणत्या फांदीवर माणूस चढवायचा नाही.

आता डोळे गेले होते, म्हणून तो कानावर आला होता. वारा सुटला की पिकत आलेल्या चिंचा एकमेकींवर आपटून वाजतात. यंदा तो आवाज पातळ होता. ओळ संपेपर्यंत तो थांबत थांबत चालला, आणि शेवटच्या झाडाच्या मुळीवर बसून गुडघे चोळू लागला.

"एक लाख दहा हजार," तो म्हणाला. "त्याच्या वर रुपाया न्हाई. वरच्या अंगाला माल न्हाई यंदा."

"फोटोत तर दिसतोय."

"फोटोला काय, त्याला झोडायचं हाय का?"

घरी रुकसाना चुलीपुढून म्हणाली, "ह्या साली ऱ्हाऊ द्या. आधी डोळे करून घ्या, मग झाडं बघा."

"डोळे होईस्तोर ओळ दुसऱ्याची झालेली असंल."

"होऊ द्या की. तिला काय तुमच्याशी निकाह लावायचाय?"

तो हसला, पण थोडंच. लग्नात हात रिकामा झाला होता. आता एकाच डावापुरतं बळ उरलं होतं. हा डाव चुकला तर पुढच्या वर्षी अनामत भरायचीही सोय नव्हती. आणि गुत्तं, म्हणजे झाडं उक्ती घ्यायचा धंदा, एकदा सुटलं की अंगण सुटतं. फागुन-चैतात गल्लीतल्या बाया त्याच्या अंगणात चिंचा फोडायला बसायच्या, सावलीबरोबर सरकायच्या, एकमेकींच्या सुना-सासवा काढायच्या. ते अंगण रिकामं पडलं तर तो बाजेवर बसलेला एक म्हातारा, एवढंच उरणार होतं. हे तो रुकसानाला बोलला नाही. तिला ते ठाऊक होतं; तिनं चुलीत लाकूड सारलं.

लिलाव गुरुवारी होता. अल्ताफनं दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, सासऱ्याला स्टूल दिलं आणि मोबाइल काउंटरवर डबीला टेकवून उभा केला.

"नावं दिसत न्हाईत मामू. आपण सात नंबर. बाकीचे बी नंबरच."

"माणसं कुठं बसल्यात?"

"ज्याच्या त्याच्या घरी. पुण्यात असतील, नागपुरात असतील."

"अन् झाडं बघितली का त्यांनी?"

"फोटो टाकलेत ना."

रहमतुल्लाला हे पटत नव्हतं. पूर्वी लिलाव ओळीतल्या मोठ्या झाडाखाली व्हायचा. सरकारी साहेब खुर्चीवर, बाकी सगळे उकिडवे. कोण किती पाण्यात आहे ते चेहऱ्यावर दिसायचं. नवखा माणूस घाईनं चढायचा, त्याला चढू द्यायचं. दमला की मग खरे दोघं उरायचे, एक रहमतुल्ला आणि दुसरा चकलांब्याचा शहादेव.

शहादेव चिंचेचा व्यापारी, आणि नजरेत रहमतुल्लाच्या तोडीचा हा एकच माणूस. शेवटपर्यंत तो तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा बसायचा. साहेबानं "एक वार, दोन वार" म्हटलं की हळूच सगळ्यात लहान पायरी चढायचा. पुन्हा गप्प. ओळीत नसलेल्या चिंचेला त्यानं जन्मात कधी पैसा लावला नाही. म्हणून शहादेव अजून बोलतोय म्हणजे माल अजून आहे, एवढा हिशेब रहमतुल्ला डोळे मिटून करायचा.

"मियाँ, पुरे कर, म्हातारीला विकशील," शहादेव म्हणायचा.

"तुझी विकून झाली का, ते सांग आधी."

दोघांचा एक नेम होता. झाडं बघून आल्यापासून लिलाव होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. भेट नाही, निरोप नाही, फोन आला तरी उचलायचा नाही. दोघांनी मिळून भाव पाडला असं कुणी म्हणू नये. लिलाव झाला की जिंकलेल्यानं हरलेल्याच्या घरी जाऊन चहा प्यायचा आणि मग पोटभर बोलायचं. संक्रांतीच्या आधीपासून त्या दोघांत शब्द नव्हता, आणि त्यात नवल काही नव्हतं.

मोबाइलवर बोल्या चढत होत्या. दोन नंबर, नऊ नंबर पटापट वर गेले आणि गळाले. रहमतुल्लानं लाखावर तोंड उघडलं. अल्ताफनं बोट दाबलं. मग वेळ सरत आली, घड्याळाचे आकडे तांबडे झाले, आणि चार नंबरनं हजार रुपये चढवले.

"वेळ वाढली," अल्ताफ म्हणाला. "शेवटाला कुणी बोललं की पाच मिनिटं वाढतेत."

"चढव."

पाच मिनिटं शांतता. ती संपता संपता पुन्हा चार नंबर, पुन्हा हजार.

रहमतुल्ला स्टुलावर सरळ झाला. "शहादेव हाय ह्यो."

"मामू, कसं काय?"

"त्याचीच चाल. शेवटाला बोलायचं, लहान बोलायचं."

"ह्याच्यात सगळेच शेवटाला बोलतेत. अन् हजारच्या खाली बोलताच येत न्हाई."

"तुला शहादेव म्हाईत न्हाई."

एक लाख दहा झाले. अल्ताफनं मान वर केली. "झालं मामू. तुमीच म्हणलतात."

चार नंबरनं एक लाख अकरा केले.

रहमतुल्लानं डोळे मिटले. त्याला ओळीतला तो पातळ आवाज आठवत होता. पण कानाचं काय, वारा कमी असेल. शेंडा आपल्याला दिसला नाही. शहादेवचे डोळे अजून शाबूत आहेत. त्यानं शेंडा बघितला असेल. त्याला दिसलंय आणि आपल्याला दिसलेलं नाही.

"चढव," तो म्हणाला.

"कावून? तुमचा अंदाज—"

"माझा अंदाज आंधळ्याचा हाय. त्याचा न्हाई. चढव."

बाहेर एक जण चार्जर मागायला आला आणि शटरखालून वाकून बघून परत गेला. बोली हजार हजारानं वर जात राहिली. प्रत्येक वेळी चार नंबर शेवटपर्यंत थांबायचा, आणि प्रत्येक वेळी रहमतुल्लाला वाटायचं, अजून माल आहे. एक लाख बेचाळीसवर घड्याळ संपलं आणि चार नंबर बोलला नाही.

"मिळाली," अल्ताफ म्हणाला. मोबाइलवर हिरवी खूण आली होती. कुणी टोमणा मारला नाही, कुणी पाठीवर थाप दिली नाही. अल्ताफनं शटर वर ओढलं.

दुसऱ्या दिवशी रहमतुल्ला जावयाच्या मोटारसायकलवर मागं बसून चकलांब्याला निघाला. चहा प्यायला जायचं होतं. वाटेत तो शहादेवला काय बोलायचं ते जुळवत होता. बत्तीस हजारांचा चढ घातलास मला, आता सांग शेंड्याला काय बघितलंस ते.

शहादेवच्या दारात चपलांचा ढीग होता. ओसरीवर पुरुष सतरंजीवर गप्प बसले होते. अल्ताफनं गाडी बंद केली. रहमतुल्लाला लांबून चेहरे दिसत नव्हते, पण एवढी माणसं जमून कुणीच बोलत नाही म्हणजे काय ते त्याला कळलं. तो उंबऱ्याशीच थांबला.

शहादेवचा मुलगा आदिनाथ उठून आला, हात धरून त्याला आत घेऊन गेला. शहादेवची बायको छबुबाई भिंतीला टेकून बसली होती.

"या भाऊ," ती म्हणाली. "मंगळवारी गेले."

तो खाली बसला.

"मला कसं कळलं न्हाई, वहिनी?"

"मी आदिनाथला म्हणलते, मियाँला फोन लाव. त्यो म्हणला, लिलाव होईस्तोर ते फोन उचलत न्हाईत, अन् उचलला तर नेम मोडंल. तुमचा दोघांचा नेम साऱ्या घराला पाठ." तिनं पदरानं नाक पुसलं. "दुखणं लई न्हवतं. छातीत दुखतंय म्हणले, बसले, अन् झालं."

आदिनाथनं पाणी आणून दिलं. रहमतुल्लानं तांब्या दोन्ही हातांत धरला.

"ओळ बघायला गेलते का?"

"गेलते की, संक्रांतीच्या आधी. मी म्हणलं, ह्या वर्षी मोबाइलवर हाय, तुमाला काय जमायचं. तर म्हणले, मी बोलणारच न्हाई यंदा. मोहर गळालाय, वरच्या अंगाला काई न्हाई. अन् म्हणले, मियाँला बी कळंलच. लाखाच्या वर जरासा जाईल अन् सोडून देईल." तिनं वर पाहिलं. "तुमी घेतली का?"

"घेतली."

"मग बरी हाय म्हणायची."

"बरी हाय, वहिनी."

सुतकाच्या घरी चहा झाला नाही. रहमतुल्ला उठला, ओसरीवरच्या माणसांना हात जोडले आणि बाहेर आला.

परत येताना चिंचेच्या ओळीपाशी त्यानं गाडी थांबवायला सांगितलं नाही. अल्ताफच हळू झाला.

"मामू, सोडून द्या. अनामत जाईल तेवढीच. बाकीचं तरी वाचंल."

"न्हाई."

"चार नंबर कोण व्हता ते बी म्हाईत न्हाई आपल्याला. कुणीतरी घरी बसून बोटं मारली."

"ते त्याचं झालं. मी बोललोय."

"कुणाला बोललात? मशीनला?"

"बोललोय ना. झोडून घेऊ. बायांना सांगून ठेव, फागुनात या म्हणून."

अल्ताफनं गाडी पुढं काढली. रहमतुल्लानं एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला होता, दुसऱ्यानं डोळे पुसले. डोळ्यांतून तसंही हल्ली पाणी यायचं. त्या साली माल निघाला तो त्याच्या पहिल्या अंदाजाएवढाच निघाला. पुढच्या साली त्यानं बोली लावली नाही.

चकलांब्याचा शहादेव संक्रांतीनंतरच्या मंगळवारी सकाळी वारला. लिलाव गुरुवारी झाला.