शेजारची सीट

जूनमध्ये शाळा उघडल्या, तेव्हापासून नूतन नवऱ्याच्या, शाळेची पोरं ने-आण करणाऱ्या गाडीत पुढच्या सीटवर बसायला लागली. पोरांच्या आयांना ते बरं वाटलं. बाईमाणूस सोबत असलं की लहान पोरांना रस्ता ओलांडून देता येतो, दप्तरं सांभाळता येतात. नूतननेही सगळ्यांना तेच कारण सांगितलं होतं. खरं कारण ती आणि तिचा नवरा राघो, दोघंच जाणत होती.

राघो मूळचा शिंदखेड्याकडचा. गुजरातेत, उधन्याच्या एका कापड कारखान्यात त्याने बावीस वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले. गाडी घेतली तीही लूमवर असतानाच, एका साडीच्या दलालाकडून, जुनी. आठशे सीसीची, पांढरी, मागे गॅसची टाकी बसवलेली. डिंडोलीतल्या त्यांच्या गल्लीत मोठी गाडी शिरायचीच नाही. ही मात्र एका दमात वळायची. पहिल्या दिवाळीत राघो, नूतन, मुलगी वर्षा आणि राघोची म्हातारी आई असे चौघं तिच्यात बसून गावाला गेले. पिंपळनेरपर्यंत म्हातारी काचेतून बाहेर बघत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "वारा लागी नही ऱ्हायना रे!" आयुष्यभर ती एसटीच्या फुटक्या खिडकीशी नाहीतर कुणाच्या तरी टेम्पोत बसून आली-गेली होती. राघोला त्या दिवशी जेवढं मोठं वाटलं, तेवढं पुन्हा कधी वाटलं नाही.

पुढे कारखान्याच्या मालकाने जुने लूम भंगारात काढले आणि नवी मशीनं आणली. दहा माणसांचं काम दोघांवर आलं. राघो घरी बसला, पण फार दिवस नाही. गॅसवर ती गाडी इतकी कमी खायची की शाळेची पोरं ने-आण करून घर चालेल, असा हिशेब बसला. सकाळी सात पोरं, दुपारी तीच सात परत. आयाबाया त्याला राघोकाका म्हणायला लागल्या. शाळेच्या मोठ्या बसचे पैसे ज्यांना झेपत नव्हते, अशांचीच ती पोरं होती.

आदल्या वर्षी दिवाळीनंतर गाडीचा डावा आरसा दोनदा फुटला. मग एकदा पाण्याच्या टाकीचा खांब घासला. राघो म्हणाला, रस्ते अरुंद झालेत. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातल्या घरात तो पाण्याच्या हंड्याला अडखळला आणि नूतनने त्याला जबरदस्तीने दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला एका यंत्रात डोकं घालायला लावलं आणि दिव्याचे ठिपके दिसले की बटण दाबायला सांगितलं. बराच वेळ त्याने बटण दाबलंच नाही.

"काचबिंदू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "समोरचं दिसतं, म्हणून तुम्हाला कळलं नाही. कडेचं गेलंय. जे गेलं ते परत येत नाही. जे उरलंय ते औषधाने टिकवायचं. आणि आजपासून गाडी चालवायची नाही."

दोघं घरी आले. राघो ओट्यावर बसला.

"वर्षानं नर्सिंगनं शेवटलं वरीस शे," तो म्हणाला.

नूतनने खूप वेळ विचार केला. पुढे जे जे झालं त्याबद्दल ती कुणालाही दोष द्यायची नाही, कारण ती कल्पना तिचीच होती.

"मी बससू बाजूले," ती म्हणाली. "तुमले कडेनं दिसस नही ना? मी सांगसू. एक वरीस काढी लेऊत."

तसं ते सुरू झालं. राघो समोर बघायचा आणि नूतन दोन्हीकडे. "डावा हातले सायकल. उजवा हातले रिक्षा. धीरे, म्हैस शे." अहिराणीत बोलायची, म्हणजे मागच्या गुजराती आणि ओडिया पोरांना समजू नये. पोरांना वाटायचं, काका-काकू आपसात बोलतात. फक्त तारा नावाची आठ वर्षांची मुलगी नंदुरबारकडची होती, तिला सगळं कळायचं. पण तारा शांत पोर होती. तिने कधी काही विचारलं नाही.

पहिले चार महिने काही झालं नाही. उलट राघो पूर्वीपेक्षा नीट चालवतो, असं नूतनला वाटायला लागलं. तिच्या आवाजावर तो इतका विसंबला की ती 'चाला' म्हणेपर्यंत त्याचा पाय क्लचवरून हलायचा नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, पण तिचं बोलणं त्याने इतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं होतं.

ऑक्टोबरमध्ये एके दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर ते रेल्वेखालच्या गरनाळ्यातून, म्हणजे बोगद्यातून, बाहेर पडत होते. पुढे चढ होता. उजवीकडून उंच काळ्या गाड्या एकीला एक लागून येत होत्या आणि त्यांच्यामध्ये ही गाडी म्हणजे हत्तींच्या पायात शेळी. मागे एका पोराची पाण्याची बाटली सांडली आणि दोघं भांडायला लागली. नूतनने मान वळवली. "गप बसा रे," एवढंच ती म्हणाली असेल.

तेवढ्यात डावीकडे काहीतरी लागलं. आवाज मोठा नव्हता. पत्र्यावर कुणी थाप मारावी तसा. नूतनने पुढे पाहिलं, मग उरल्यासुरल्या आरशात पाहिलं. एक माणूस सायकलवरून गटाराच्या कडेला पडला होता. त्याचा डबा उघडून रस्त्यावर घरंगळत चालला होता.

राघोचा पाय ब्रेकवर गेला. "काय व्हयनं?"

मागची गाडी हॉर्न वाजवत होती. सात पोरं आत होती. लोक धावत येतील, पोलीस येतील, डॉक्टरचा कागद निघेल. हे सगळं नूतनच्या डोक्यात किती वेळात आलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"काही नही," ती म्हणाली. "चाला."

आणि राघोने गाडी चालवली.

"काकू," मागून तारा म्हणाली, "तो मानूस पडना."

"उठना तो," नूतन म्हणाली. "मांगे पाहू नको."

राघोने काही विचारलं नाही. तिने सांगितलं होतं, काही नाही, उठला तो. त्याला तेवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी तारा गाडीत बसली, पण नूतनने पुढे केलेल्या हातात तिने दप्तर दिलं नाही. स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली. तिसऱ्या दिवशीही तसंच. नूतनला जेवण जाईना. राघोच्या डोळ्यांत घालायचं औषध तिने त्याच्या गालावर सांडलं. चौथ्या दिवशी पोरांना शाळेत सोडल्यावर ती राघोला म्हणाली, बाजारात जायचंय, तुम्ही गाडी शाळेजवळच लावून थांबा. आणि ती चालत गरनाळ्याशी गेली.

तिथल्या पंक्चरवाल्याकडे एक सायकल भिंतीला टेकून ठेवलेली होती. पुढचं चाक वाकडं झालेलं.

"वो लूमवाले चाचा की है," पंक्चरवाला म्हणाला. "कोई ठोक के भाग गया. सिविल में हैं."

सिव्हिल हॉस्पिटलच्या हाडांच्या वॉर्डात तिला तो माणूस सापडला. लक्ष्मण त्याचं नाव. परभणीकडचा, पन्नाशी ओलांडलेला, तोही लूमवरच. उजवा हात दंडापासून बोटांपर्यंत बांधलेला, मनगटाची दोन हाडं मोडलेली, डोक्याला टाके. उशाशी त्याची बायको धुरपदाबाई मोसंबी सोलत होती. नूतनने आपण ओळखीच्या कुणाला तरी बघायला आलोय असं सांगितलं आणि कसं झालं, म्हणून विचारलं.

"मागून ठोकली," लक्ष्मण म्हणाला. "म्या काय पाह्यली न्हाई. पण मोठीच गाडी असंल. त्या काळ्या, उंच असत्यात ना, तसली."

"कशावरून?"

"थांबली न्हाई ना," तो म्हणाला. अगदी सहज. "लहान गाडीवाला थांबला असता. त्याच्या घरी बी आपल्यासारखंच असतंय. त्याला ठावं असतंय, हात मोडला म्हंजी काय होतं ते."

नूतन खाटेची कड धरून उभी राहिली. निघून जाता आलं असतं. त्याने गाडी पाहिली नव्हती, कुणीच नंबर घेतला नव्हता.

"ती गाडी आमची होती," ती म्हणाली. "पांढरी. लहानच."

धुरपदाबाईचे हात थांबले. "कोण चालवत हुतं?"

"माझे मालक. पण त्यांना दिसलं नाही. त्यांनी विचारलं होतं, काय झालं म्हणून. मीच म्हणाले, काही नाही, चला."

"का?"

"गाडीत पोरं होती."

"पोरं हुती म्हणूनच थांबायचं असतंय, बाई," धुरपदाबाई म्हणाली. ती ओरडली नाही. मोसंबीच्या फोडी तशाच वाटीत ठेवून तिने तोंड फिरवलं.  नूतन तिथून निघाली तेव्हा तिला कुणी जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही.

शाळेजवळ राघो गाडीत बसून होता. ती शेजारच्या सीटवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. गरनाळ्यापासून वॉर्डापर्यंत. तो समोरच्या काचेतून बघत ऐकत होता.

"तू माले 'चाला' म्हननी?" त्याने विचारलं.

"हो."

"मी ब्रेक मारेल व्हता."

"हो."

त्याने किल्ली काढली आणि तो उतरला. भिंतीला हात लावत लावत तो रिक्षाच्या थांब्याकडे गेला. त्या दुपारी नूतनने तीन रिक्षा करून पोरांना घरी पोचवलं आणि प्रत्येक दारात उभी राहून खरं काय ते सांगितलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी दार लावून घेतलं. ताराच्या आईने तिला आत बोलावलं आणि पाणी दिलं.

"ताराने मला त्याच दिवशी सांगितलं होतं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "दुसरी सोय नव्हती, म्हणून मी गप्प राहिले."

संध्याकाळच्या आत राघो पोलीस चौकीत गेला. वर्षा त्याला हाताला धरून घेऊन गेली. नूतनला त्याने येऊ दिलं नाही. त्याचं लायसन्स गेलं. गाडी दीड महिना चौकीच्या आवारात धूळ खात उभी होती. सुटली, तेव्हा तिला घ्यायला कुणी तयार होईना. जुन्या गाड्यांचा एक दलाल म्हणाला, "आता असल्या बारक्या गाड्या कंपनीच काढत नाही. लोकांना उंच पाहिजेत, हप्त्यावर का होईना. हिचं इंजिन आणि गॅसची टाकी तेवढी कामाची." त्याने ती कापायलाच घेतली. जे हाती आलं ते राघोने वर्षाच्या हातून लक्ष्मणला पाठवलं. लक्ष्मणने घेतलं. घेतलं नसतं तर त्याचं भागण्यासारखं नव्हतं.

लक्ष्मणचं मनगट जुळलं, पण बोटं पूर्वीसारखी वळेनात. तुटलेला धागा बोटांच्या टोकांनी चटकन जोडायचा असतो. ते त्याला पुन्हा जमलं नाही. होळीच्या आधी तो आणि धुरपदाबाई सामान बांधून परभणीला निघून गेले. जाण्यापूर्वी नूतन त्यांच्या खोलीवर गेली होती. धुरपदाबाईने तिला चहा दिला नाही, पण सतरंजी टाकली. राघोवरची केस अजून चालू आहे.

ती सात पोरं आता एका रिक्षातून जातात. त्या रिक्षात मिळून बारा असतात, दोन ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना लटकलेली. ती रिक्षाही स्वस्त पडते.

वर्षा परीक्षा पास झाली आणि जवळच्या सचिन गावातल्या एका दवाखान्यात लागली. नूतन घरी बसून साड्यांना खडे चिकटवते. राघोची नजर आणखी आत आलीय. नळीतून बघावं तेवढंच उरलंय. तो नूतनशी बोलतो, तिने वाढलेलं जेवतो. पण बाहेर पडताना ती म्हणते, "पायरी शे," तेव्हा तो थांबतो, चपलेच्या टोकाने पुढची जमीन चाचपतो, पायरी खरंच आहे याची खात्री करून घेतो आणि मगच उतरतो.